डोंगर चढताना पक्ष्यांच्या जाती घटतच जातात का?

उष्ण कटिबंधातील पर्वतावर पायथ्यापासून शिखरापर्यंत पक्ष्यांच्या जाती सतत घटत जातात, हा समज प्रामुख्याने परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉन टेरबर्ग यांच्या पेरूच्या अँडीज पर्वतरांगेतील १९७७ च्या अभ्यासावरून सार्वत्रिक नियमासारखा रूढ झाला. पायथ्याचे क्षेत्रफळ मोठे असते आणि निरीक्षणांचे प्रमाणही सर्वत्र सारखे नसते, या दोन्हींचा हिशेब केल्यास अनेक ठिकाणी मध्यम उंचीवरच सर्वाधिक जाती भरतात, हे जैवविविधतेचे अभ्यासक कार्स्टन राहबेक यांनी १९९५ नंतर दाखवले. २००९ च्या एका जागतिक विश्लेषणात तर उंचीनुसार पक्ष्यांच्या जातींची संख्या बदलण्याचे चार वेगवेगळे आकृतिबंध आढळले. दमट पर्वतांवर खालच्या पट्ट्यात विविधता अधिक असते. कोरड्या पर्वतांवर मात्र ती मध्यावर वाढते, कारण तेथे पायथ्याशी ऊब असली तरी पाणी कमी पडते. म्हणूनच एका पर्वताचा आलेख दुसऱ्यावर लादून संरक्षणाचे पट्टे ठरवणे मला धोक्याचे वाटते.