नॉरवूडच्या भिंतीवरचा अंगठा

शेरलॉक होम्सच्या ‘नॉरवूडचा बिल्डर’ या कथेत (१९०३) इन्स्पेक्टर लेस्ट्रेड एका सकाळी भलताच खुशीत असतो. भिंतीवर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा सापडलेला असतो आणि तो संशयित तरुणाच्या अंगठ्याशी तंतोतंत जुळतो. दोन माणसांचे अंगठे कधी सारखे नसतात, हे होम्सला ऐकवायची संधी तो सोडत नाही. होम्सला मात्र हसू आवरत नसतं. ती भिंत त्याने आदल्याच दिवशी तपासलेली, आणि तेव्हा तिथे काहीही नव्हतं.

लेस्ट्रेडचं ज्ञान तसं नवंकोरं होतं. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग १९०१ मध्ये सुरू झाला, आणि ती पद्धत तिथे गेली होती कलकत्त्याहून.

सुरुवातीला तिचा खूनदरोड्यांशी काही संबंध नव्हता. जुलै १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी केला. ‘ही सही माझी नव्हेच’ असं गड्याने उद्या म्हणू नये, म्हणून कागदाच्या मागे त्याचा अख्खा पंजाच उमटवून घेतला. पुढे हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना १८७७ मध्ये हर्शेलने पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग तिन्हीकडे बोटांचे ठसे लागू केले. आपल्या जुन्या खरेदीखतांवरची ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ याच गोतावळ्यातली. ज्यांना आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतो, त्यांचीच निशाणी सहीपेक्षा पक्की!

ठसा घेणं सोपं, पण हजारो कागदांतून नेमका तोच काढायचा कसा? तोवर गुन्हेगार ओळखण्यात मान होता पॅरिसच्या बर्तिलाँच्या अंगमोजणीला : डोकं, पाऊल, बोटं अशी अकरा मापं. (बर्तिलाँच्या खालोखाल तुम्हीच, असं कुणी म्हटलं की होम्सही दुखावतो.) ठशांच्या वर्गवारीचं कोडं सोडवलं बंगाल पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. कोणकोणत्या बोटांवर चक्र आहे यावरून आकडा मांडायचा आणि कागद १०२४ खणांपैकी एकात टाकायचा, हे गणित हक यांचं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं दफ्तर उघडलं. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, बंगाल पोलिसांचा प्रमुख एडवर्ड हेन्रीचं.

लगेच परीक्षाही झाली. जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. त्याच्या सामानातल्या बंगाली कॅलेंडरवर रक्ताचा पुसट अंगठा होता. तो जुळला कंगाली चरण या जुन्या नोकराशी. पूर्वी चोरीत सजा झाल्यामुळे त्याचा ठसा दफ्तरी होता. १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं, खुनातून मात्र सोडलं. ठसा एवढंच सांगतो की हात तिथे लागला. त्या हाताने काय केलं ते नाही. लंडनला ही सावधगिरी फार काळ परवडली नाही. १९०५ मध्ये डेप्टफर्डच्या एका दुकानातल्या दुहेरी खुनात पैशांच्या पेटीवरच्या अंगठ्याने दोन स्ट्रॅटन भावांना फासापर्यंत नेलं.

रहस्यकथाकारांना मात्र हा साक्षीदार पहिल्यापासून खोटारडाच वाटत आला. नॉरवूडचा ठसा लाखेवरून उचललेला निघतो (कथा वाचली नसेल तर माफी असावी). १९०७ मध्ये ऑस्टिन फ्रीमन या पेशाने डॉक्टर असलेल्या लेखकाने बनावट अंगठ्यावर अख्खी कादंबरी रचली आणि डॉ. थॉर्नडाइक हा नायक जन्माला घातला. मला यात शास्त्रावरच्या अविश्वासापेक्षा धंद्याची गरज जास्त दिसते. दफ्तरातला कारकून खण उघडून नाव सांगणार असेल, तर हुशार गुप्तहेराने करायचं काय?

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२३ च्या कादंबरीत तर पॅरिसचा जिरो हा डिटेक्टिव्ह जमिनीवर रांगत सिगारेटचं थोटूक आणि काडी शोधतो. त्याने बिनकामाचा ठरवलेला शिशाच्या नळीचा तुकडा ख्रिस्तीचा नायक पॉयरो याच्या मनातून जात नाही. दोन फुटांचा पुरावा दोन मिलिमीटरच्या पुराव्याइतकाच मोलाचा, असं त्याचं म्हणणं.