ओठावरची पुळी आणि ‘कुणी दिली?’ हा प्रश्न

ताप उतरतो आणि ओठाच्या कडेला बारीक पुळ्यांचा घोस उठतो. घरातलं निदान ठरलेलं असतं: ‘उष्णता बाहेर पडली.’ तूप लावायचं, आठ-दहा दिवसांत खपली पडते. मग लग्नानंतर कधीतरी हीच पुळी जोडीदाराच्या ओठावर दिसते, मोबाइलवर ‘हर्पिस’ हा शब्द सापडतो, म्हणजे लैंगिक संबंधांतूनही पसरणारा विषाणूचा आजार, आणि घरात भलताच संशय शिरतो.

आधी एक घोळ मिटवू. ‘तोंड येतं’ तेव्हा गालाच्या आत किंवा जिभेवर होणारे पांढरट व्रण सहसा हर्पिसचे नसतात, ते लागणही करत नाहीत. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. तो याच कुळातला, पण वेगळा. ओठावरची पुळी बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या पहिल्या प्रकाराची असते. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांवर आढळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या शरीरात हा पहिला प्रकार आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, आजी-मावशीच्या पाप्यांतून. अनेकांना आयुष्यभर एकही पुळी येत नाही. विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून मागे सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात दडी मारून बसतो. ताप, कडक ऊन, मासिक पाळी, ताणतणाव यांपैकी काहीतरी निमित्त होतं आणि तो त्याच वाटेनं ओठावर परततो. म्हणून आज उठलेल्या पुळीचा उगम वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. ती बेइमानीचा पुरावा ठरत नाही. रक्ततपासणीत प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं, अँटिबॉडीज) सापडली, तरी संसर्ग केव्हा झाला आणि कुणाकडून, हे त्यातून कळत नाही.

मग जोडीदाराला धोका किती? त्याला लहानपणीच पहिल्या प्रकाराची लागण होऊन गेली असेल, तर नव्यानं मिळण्यासारखं फारसं काही उरत नाही. धोका आहे तो ज्याला ती कधीच झालेली नाही त्याला. ओठ चुरचुरायला लागल्यापासून खपली पडून खालची कातडी पूर्ण भरेपर्यंत चुंबन टाळावं, आणि मुखमैथुनही. हा दुसरा मुद्दा आपल्याकडे डॉक्टरसुद्धा चाचरत सांगतात, पण ओठावरचा विषाणू या वाटेनं जोडीदाराच्या जननेंद्रियावर पोचतो. तिथली पहिली लागण चांगलीच त्रासदायक होऊ शकते: ताप, जांघेत गाठी, लघवीला आग. पुढे मात्र पहिला प्रकार तिथे दुसऱ्या प्रकाराच्या मानानं कमी वेळा उलटतो.

अडचण अशी की पुळी नसतानाही लाळेतून अधूनमधून विषाणू बाहेर पडतो. पुळीच्या काळापेक्षा ही शक्यता कमी, पण शून्य नाही. कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. उष्ट्या कपाची फार धास्ती नको. लिपस्टिक, दाढीचं ब्लेड, ओला टॉवेल मात्र वेगळा ठेवावा. पुळीला हात लागला तर धुवावा आणि तसाच डोळ्याला लावू नये. डोळ्यातला हर्पिस दृष्टीवर बेततो.

औषध आहे, आणि त्याची युक्ती मला फार आवडते. असायक्लोव्हिर शरीरात जवळजवळ निष्क्रिय फिरत असतं. विषाणूनं बळकावलेल्या पेशीत शिरलं की विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. चोरानं आपल्याच हातानं सापळा लावावा, तसं. पण झोपलेला विषाणू हे विकर बनवतच नाही, म्हणून मज्जातंतूतली दडी काही मोडता येत नाही. गोळ्या चुरचुर सुरू होताच घेतल्या तर पुळी लवकर बरी होते. डोस डॉक्टरांना विचारूनच. दुसऱ्या प्रकारासाठी १,४८४ जोडप्यांवर झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: बाधित जोडीदारानं रोज व्हॅलासायक्लोव्हिर (शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिर होणारं औषध) घेतलं तेव्हा दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र भीड ठेवून चालत नाही. मोठ्यांना किरकोळ वाटणारा हा विषाणू त्याच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो. बारशाला आलेल्या पाहुण्याच्या ओठावर पुळी असेल, तर त्याला पापा घेऊ देऊ नये, मग तो सख्खा मामा का असेना.