स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा टायर काय सांगत असतो

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी आणि वरंध घाटातले व्हिडिओ फिरायला लागतात. ओला रस्ता, एका बाजूला दरी, आणि वळणावर नाक बाहेर फेकत जाणारी एखादी हॅचबॅक. त्याखाली शाबासकी ठरलेली: ‘हा तर रॅली ड्रायव्हर!’ वळण जोरात मारायला छातीत दम लागतो, बाकी काही नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकायचं असेल तर आधी ही समजूत सोडावी लागते. वळणावरचा वेग ठरतो तो रबराच्या चार लहानशा चकत्यांवर. ती रबराची भाषा ज्याला हाताला कळते, तोच वेगात जातो आणि तोच धडपणे परत येतो.

आकडे मांडून बघू. गाडीचं वजन १००० किलो धरा, म्हणजे एका चाकावर सरासरी २५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय. वजनाला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेला भाग साधारण ११० चौरस सेंटिमीटर निघतो. म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ८ सेंटिमीटर लांब. ब्रेक, वळण, वेग घेणं, सगळं या चार तुकड्यांतून होतं.

वळणावर गाडीला आत खेचणारं बल लागतं, ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या हिशेबाने वाढतं. वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणांक, म्हणजे टायर-रस्त्यातल्या पकडीचं माप, ०.९ धरला तर कमाल वेग येतो सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. गाडीचं वजन या समीकरणातून उडून जातं. ट्रॅकवर पहिल्या दिवशी ‘रेसिंग लाइन’ शिकवतात ती याचसाठी: बाहेरून आत, आतल्या टोकाला जवळजवळ शिवून पुन्हा बाहेर. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून त्रिज्या ५० ची ७० मीटर केली, तर तीच गाडी त्याच टायरांवर ताशी ८९ किलोमीटरने निघते. अर्थात रस्त्याची पूर्ण रुंदी वापरणं जिथे समोरून कोणी येणार नाही तिथेच शक्य आहे.

इथवर शाळेचं भौतिकशास्त्र पुरतं. पुढे ते अपुरं पडतं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच सुरू होते.

शाळेत आपण शिकतो की वस्तू एक तर चिकटून असते, नाहीतर घसरते. टायर एकाच वेळी दोन्ही करतो. स्टिअरिंग वळवलं की चाक ज्या दिशेला तोंड करून असतं, त्या दिशेला ते तंतोतंत जात नाही. चाकाचं तोंड आणि त्याची प्रत्यक्ष वाट यांत थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. नावात ‘स्लिप’ असली तरी सुरुवातीला घसरणं जवळपास नसतंच.

त्या ८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात काय घडतं ते जवळून बघा. चाक फिरताना रबराचा एक कण पुढच्या कडेने रस्त्याला टेकतो. टेकला त्या क्षणी तो सरळ असतो. त्याचं खालचं टोक रस्त्याला धरून राहतं, पण वरचं टोक चाकाबरोबर किंचित तिरकं सरकत जातं. कण जसजसा मागे जातो तसतसा तो आडवा ताणला जातो. स्लिप अँगल २ अंश असेल तर मागच्या कडेला पोचेपर्यंत हा ताण सुमारे ३ मिलिमीटर होतो. मग कण रस्ता सोडतो, पुन्हा सरळ होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाला हा सगळा प्रवास सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उरकतो. अशा असंख्य ताणलेल्या कणांची आडवी ओढ एकत्र होते आणि गाडी वळते.

स्टिअरिंग आणखी वळवलं, कोन ५ अंशांवर गेला. आता मागच्या कडेला ताण ७ मिलिमीटर व्हायला हवा. पण कणाची पकड तेवढी नसते. तो वाटेतच सुटतो आणि उरलेलं अंतर घसरत जातो. म्हणजे पट्ट्याचा पुढचा भाग रस्त्याला धरून आहे आणि मागचा घसरतोय. कोन वाढेल तशी घसरणीची हद्द मागून पुढे सरकते. साध्या रस्त्यावरच्या टायरमध्ये साधारण ६ ते १० अंशांना एकूण ओढ सर्वाधिक होते. त्यापुढे कोन वाढवून काही मिळत नाही, ओढ उलट कमी होत जाते. टायरतज्ज्ञ या मांडणीला ब्रश मॉडेल म्हणतात. खरा टायर याहून गुंतागुंतीचा असतो, त्याची कडा वाकते, रबर तापतं, पण गाभा हाच.

यातून निघणारी पुढची गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. कोन लहान असताना ताण मागच्या बाजूला जास्त असतो, त्यामुळे एकूण ओढ पट्ट्याच्या मध्यावर न लागता थोडी मागे लागते. ८ सेंटिमीटरच्या पट्ट्याला हा हिशेब मध्यापासून सव्वा सेंटिमीटर मागे येतो. एवढ्याशा अंतरामुळे चाकाला सरळ करू पाहणारा एक पीळ तयार होतो, आणि स्टिअरिंग हाताला जड लागतं त्यात याचा मोठा वाटा असतो. पण घसरण मागून सुरू होते. मागचे कण सुटले की ओढीचा बिंदू पुढे, मध्याकडे सरकतो. बल अजून वाढतंय, पण तरफेची लांबी त्याहून भराभर कमी होतेय. म्हणून हा पीळ आपल्या शिखरावर आधीच पोचतो, पकडीच्या शिखराच्या साधारण अर्ध्या वाटेवर, आणि मग उतरायला लागतो. पकड संपण्याआधीच स्टिअरिंग हलकं होतं. चाकांच्या बसवणुकीतून येणारा पीळ कायम राहतो म्हणून ते एकदम सैल पडत नाही, पण फरक हाताला कळतो. टायर आगाऊ सूचना देतो ती अशी.

नवशिका नेमकं उलटं करतो. गाडी वळत नाहीये, स्टिअरिंगही हलकं लागतंय, मग तो आणखी वळवतो. कोन शिखराच्या पलीकडे जातो, पकड घटते, गाडी सरळ बाहेर निघते. शेजारी बसलेला प्रशिक्षक ओरडतो, ‘खोल, स्टिअरिंग खोल!’ म्हणजे वळवलेलं सरळ कर. थोडं सरळ केलं आणि ॲक्सिलरेटर हळूच सोडला की वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढचे टायर पुन्हा धरतात. हे वाचून समजतं, हाताला लागत नाही. हाताला लागण्यासाठी ती हद्द ओलांडून परत यावं लागतं, पुन्हा पुन्हा, जिथे चुकल्यावर बाजूला मोकळी जमीन आहे आणि झेंडा घेतलेले मार्शल उभे आहेत. घाटात त्या जागी दरी असते किंवा समोरून येणारी एसटी. हल्लीच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये हा निरोप आणखी पुसट येतो, म्हणून तर सराव जास्त लागतो.

वजन पुढे येतं म्हणजे किती? तीच १००० किलोची गाडी, पुढे ६०० आणि मागे ४०० किलो. गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. जोरात ब्रेक लावला, ०.८ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट) एवढा, तर सुमारे १८० किलोचा भार मागून पुढे जातो. पुढे ७८०, मागे २२०. अशा वेळी कोणी वळणात दचकून ब्रेक दाबला तर मागच्या चाकांवरचा भार जवळपास निम्मा झालेला असतो आणि गाडी गिरकी घेऊ शकते. शिवाय टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार एका बाजूला गेला की चारही टायरांची मिळून पकड घटते. गुळगुळीत चालवणारा वेगवान असतो, त्यामागे हे गणित आहे.

आणखी एक हिशेब मनात ठेवावा: टायरच्या एकूण क्षमतेतली ८० टक्के ब्रेकसाठी वापरली तर वळणासाठी २० नव्हे, ६० टक्के उरते, कारण दोन बलं काटकोनात आहेत आणि इथे पायथागोरस लागू होतो. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरण्याचं कौशल्य यावरच उभं आहे.

आता हवेबद्दल. पेट्रोल पंपावर जादा पैसे घेऊन नायट्रोजन भरतात आणि ‘टायर तापत नाही, दाब वाढत नाही’ असं सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दाब वाढण्याचा नियम दोन्हींना सारखाच. ३० अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा ७० अंशांना सुमारे ३८ होते, नायट्रोजन असो वा नसो. ओलाव्याचा फरक पडतो तेवढाच. ट्रॅकवरचे लोक म्हणून सेशन संपल्यासंपल्या गरम टायरची हवा मोजतात. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग जिथे बाजूकडे वळतो तिथे, खडूची रेघ ओढून ठेवतात आणि ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघतात. रेघ पार बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर टायर फार वाकतोय, हवा वाढवायची. दहा रुपयांचा खडू जे सांगतो ते नायट्रोजन भरल्याची खूण म्हणून व्हॉल्व्हवर लावलेली हिरवी टोपी सांगत नाही.

ब्रेकचंही तसंच. नवी गाडी घेतली की आपण चाकाखाली लिंबू चिरडतो, बंपरला लिंबू-मिरची बांधतो, आणि त्याच गाडीचं ब्रेक ऑइल पाच-पाच वर्षं कोणी बघत नाही. १००० किलोची गाडी ताशी १४४ वरून ७२ वर आणताना ब्रेकमध्ये ६ लाख जूल उष्णता तयार होते, पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी, आणि ट्रॅकवर हे दर मिनिटाला घडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दबते. पेडल थेट तळाला जातं. दृष्ट काढून हे टळत नाही, ताजं ऑइल भरून टळतं.

म्हणून ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जाणाऱ्याने पहिला खर्च ताज्या ब्रेक ऑइलवर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर करावा, रुंद चाकांवर नाही. फुल-फेस हेल्मेट लागतं. गाडीतलं सगळं सुटं सामान काढायचं, पायाखालची मॅटसुद्धा; सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर काय होईल याची कल्पना करा. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासायचे. झेंडे पाठ हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) परत, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. शेवटची फेरी निवांत मारून ब्रेक थंड करायचे, आणि थांबल्यावर हँडब्रेक लावायचा नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड.

ट्रॅक कुठले? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडातला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, आणि कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. मारुतीचं इंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या बांधणाऱ्या एस. करीवर्धन यांचं नाव त्याला दिलंय, आणि शिकायला मला तोच योग्य वाटतो. लहान ट्रॅकवर वेग बेताचा राहतो आणि वळणं पुन्हा पुन्हा समोर येतात. एक मात्र आधी वाचून घ्या: आपल्या नेहमीच्या मोटर विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. आणि रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रॅलीत हे सगळं भौतिकशास्त्र कूस बदलतं. डांबरावर ७-८ अंशांना शिखर गाठणारा टायर मातीवर त्याहून खूप मोठ्या कोनाला सर्वाधिक ओढ देतो, कारण तिथे रबर पृष्ठभागाला धरत नाही, तो खणतो. तिरकं चाक आपल्यासमोर खडीचा बांध जमवतं आणि त्याच्यावर रेलतं. नाशिकमध्ये झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या स्पर्धेत गाड्या आडव्या होऊन वळताना दिसतात ते यामुळे. तोच प्रकार कोरड्या डांबरावर केला तर वेळ वाया जातो. सुट्या खडीवर एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीपेक्षा चाकं जाम झालेली गाडी लवकर थांबते, तेही याच बांधामुळे.

पण पहिल्याच वर्षी वेगाच्या स्टेजेस, म्हणजे रॅलीतले घड्याळाविरुद्धचे टप्पे, कोणी करू नयेत. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला सांगाडा), सीट, परवाना, सगळंच महाग. सुरुवात टीएसडीने करावी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, ठरलेल्या वेगाने ठरलेल्या वेळेत पोचण्याची रॅली. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन (डब्ल्यूआयएए) महिलांसाठी अशीच रॅली भरवते. यात घरची गाडी चालते, रस्ते उघडे असतात, वाहतुकीचे नियम पाळायचे असतात. हातात रोडबुक, त्यात प्रत्येक फाट्याचं चित्र आणि ठरवून दिलेला सरासरी वेग. ताशी ३६ म्हटलं तर सेकंदाला १० मीटर, ३.६ किलोमीटरला बरोबर सहा मिनिटं. वाटेत कुठेतरी लपलेला वेळ-तपासनीस असतो, आणि लवकर पोचलात तरी दंड बसतो. शेजारी बसलेला नेव्हिगेटर सतत आकडेमोड करत असतो, आणि ती जागा ज्याला गणित आवडतं त्याने आधी घ्यावी. ओडोमीटर आणि रोडबुकातलं अंतर कधीच तंतोतंत जुळत नाही, कारण घासलेल्या टायरचा परीघ लहान होतो आणि त्याच अंतराला चाकाचे फेरे जास्त पडतात. म्हणून पहिल्या ठरावीक टप्प्यावर दोन्ही आकडे ताडून गुणक काढायचा, तो पेन्सिलने पहिल्या पानावर लिहायचा, आणि मग दिवसभर त्यानेच प्रत्येक अंतराला गुणायचं.