फुप्फुसाची खाच किती खोल?

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. खंडांना वेगळं करणाऱ्या फटी म्हणजे खाचा: उजवीकडे तिरकी आणि आडवी अशा दोन, डावीकडे फक्त तिरकी. पुस्तकातल्या आकृतीत या रेषा सुरीने कापल्यासारख्या असतात. प्रत्यक्ष फुप्फुस हातात घेऊन आडव्या खाचेत बोट सरकवलं, तर ते पुष्कळदा अर्ध्या वाटेतच अडतं. पुढे दोन्ही खंडांची स्पंजासारखी ऊती सलग जुळलेली असते. काही फुप्फुसांत तर आडवी खाच दिसतच नाही.

गर्भात श्वसनीच्या (फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळीच्या) फांद्यांभोवती वाढणाऱ्या ऊतीच्या गोळ्यांमध्ये सुरुवातीला फटी असतात. बहुतेक फटी बुजतात, खंडांच्या सीमेवरच्या तेवढ्या उरतात. त्याही थोड्या बुजल्या तर खाच अपुरी, पूर्ण बुजली तर गायब. उलट, बुजायची एखादी फट राहिली की जादा खाच. म्हणून खंड खाचांवरून मोजू नयेत, श्वसनीच्या फांद्यांवरून मोजावेत. आडवी खाच नसली तरी उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडाची श्वसनी आपल्या जागी असते.

खंड काढून टाकणाऱ्या शल्यचिकित्सकाला खाच आहे की नाही यापेक्षा तिच्या तळाशी काय आहे, हे महत्त्वाचं. क्रेग आणि वॉकर यांची १९९७ सालची प्रतवारी तेच पाहते: पहिल्या प्रतीत खंड पूर्ण सुटे, दुसऱ्या प्रतीत खाच पूर्ण पण तळाशी ऊती जुळलेली, तिसऱ्या प्रतीत खाच काही भागातच, चौथ्या प्रतीत खाचच नाही. फुप्फुसाची धमनी तिरक्या खाचेच्या तळाशी असते. खाच तळापर्यंत सुटी असेल तर धमनी सहज सापडते. नसेल तर ऊती चिरत तिथवर पोचावं लागतं, आणि चिरलेल्या पृष्ठभागातून शस्त्रक्रियेनंतर हवा गळत राहते. ही हवा बाहेर काढणारी छातीतली नळी मग लवकर काढता येत नाही. म्हणून अशा वेळी धमनी खाचेतून न शोधता आधी फुप्फुसाच्या मुळाशी शिरा, धमन्या, श्वसनी सोडवतात आणि जुळलेली ऊती शेवटी स्टेपलरने विभागतात.

एम्फिसेमात (फुप्फुसातले हवेचे फुगे खराब होऊन हवा अडकून राहण्याच्या आजारात) फुगलेल्या खंडाच्या श्वसनीत एकदिशा झडपा बसवतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही, खंड आक्रसतो आणि शेजारच्या बऱ्या भागाला जागा मिळते. पण खाच अपुरी असेल तर शेजारच्या खंडातली हवा जुळलेल्या ऊतीतून आत झिरपते, आणि खंड फुगलेलाच राहतो. झडपा निर्दोष असूनही उपचार वाया जातो! त्यामुळे झडपा बसवण्याआधी खाच तपासणं टाळता येत नाही.

ही तपासणी साध्या एक्स-रेवर भागत नाही. किरण खाचेला समांतर गेले तरच तिची रेघ उमटते. रेघ दिसली नाही म्हणजे खाच नाही, असं होत नाही. सुमारे १ मिलिमीटर जाडीचे सीटी काप घेऊन बाजूच्या प्रतलातही खाच टोकापासून टोकापर्यंत पाहावी लागते. रेघ जिथे तुटते आणि रक्तवाहिन्या सीमा ओलांडताना दिसतात, तिथे खंड जुळलेले असण्याची शक्यता मोठी.