ग्लुकोज असताना लॅक्टोज अडतं कुठे?

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या बी.एस्सी.च्या झेरॉक्स नोट्समध्ये वर्षानुवर्षं एक वाक्य फिरतंय: 'ग्लुकोज असलं की ई. कोलायमध्ये सायक्लिक एएमपी कमी होतं, म्हणून लॅक्टोजची जनुकं बंद राहतात.' (ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू, सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेश देणारा छोटा रेणू, लॅक्टोज ही दुधातली साखर आणि तिची जनुकं म्हणजे ती वापरायला लागणारी प्रथिनं बनवणारी.) मुलं ते पाठ करतात, मार्कही मिळतात. पण दोन्ही साखरा एकत्र असताना मुख्य कारण हे नव्हे.

प्रॅक्टिकलला दोन्ही साखरांत जीवाणू वाढवा आणि वाढ मोजायला दर पंधरा मिनिटांनी कलरिमीटरचं रीडिंग घ्या. वाढीचा आलेख चढतो, मध्येच सपाट होतो, पुन्हा चढतो. ही पायरी फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४०च्या दशकात दाखवली. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मोजून पाहिलं, तर ग्लुकोज खाताना आणि नंतर लॅक्टोज खाताना सायक्लिक एएमपीची पातळी सारखीच! बाहेरून ते घातलं तरी पायरी हटली नाही.

लॅक्टोज अडतं ते दारातच. ग्लुकोज आत ओढणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन त्या कामात आपला फॉस्फेट देऊन टाकतं. तसं रिकामं झालेलं प्रथिन लॅक्टोज पेशीत आणणाऱ्या परमिएज या प्रथिनाला चिकटून त्याची वाट रोखतं. लॅक्टोज आतच आलं नाही, तर जनुकं बंद ठेवणारा आणि लॅक्टोज आल्यावरच हटणारा रिप्रेसर डीएनएवरून उठणार कसा? ग्लुकोज संपलं की ही पकड सुटते.

सायक्लिक एएमपी बिनकामाचं मात्र नाही. ते सीआरपी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला जोडल्याशिवाय ही जनुकं जोमाने वाचली जात नाहीत, आणि सपाट टप्प्यात, म्हणजे खरी उपासमार होते तेव्हा, त्याची पातळी थोडा वेळ वाढतेही.