बारोलोचे आस्वादन

बारोलो ही इटलीच्या वायव्येकडील प्येमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर होणारी लाल वाइन. ती फक्त नेब्बियोलो या द्राक्षापासून करतात. बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा द'आल्बा, मोंफोर्ते द'आल्बा अशा ११ गावांच्या शिवारातल्या वाइनलाच हे नाव लावता येते. १९८० साली तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. बाजारात येण्याआधी ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ लाकडी पिंपांत; 'रिझेर्वा' या जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी ६२ महिने.

रंगावरून या वाइनचा अंदाज बांधू नये. ग्लासमागची बोटे दिसावीत इतकी ती फिकी डाळिंबी असते. वयानुसार कडेला विटकरी झाक येते. वासात वाळलेल्या गुलाबपाकळ्या, आंबट चेरी, ज्येष्ठमध आणि चक्क डांबर. गुलाब आणि डांबर एकाच ग्लासात नांदतात, हेच नेब्बियोलोचे खरे वैभव. जुन्या बाटलीत चामडे, तंबाखू, ओला पालापाचोळा जाणवतो.

घोट घेतल्यावर आधी आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते आणि लगेच ते पाणी कोणीतरी टिपून घेतल्यासारखे हिरड्या व गाल कोरडे पडतात. द्राक्षाच्या सालीतली व बियांतली टॅनिन ही तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे तोंडातला गुळगुळीतपणा जातो. हा तुरटपणा म्हणजे दोष नव्हे. तुरट हा सहा रसांपैकी एक मानणाऱ्यांना आणि जांभळे खाऊन जीभ जड झालेल्यांना तो परका वाटू नये. पाहायचे ते एवढेच, की तो बारीक आहे की खरखरीत, आणि घोट गिळल्यावर फळाचा गंध त्याच्यापुढे टिकतो का. ला मोर्राची वाइन सहसा मवाळ, सेर्रालुंगाची करारी. तिला दहा-पंधरा वर्षे द्यावीत.

कोवळी बारोलो रुंद बुडाच्या सुरईत तास-दोन तास मोकळी ठेवतात. जुनीचा गाळ तळाशी बसू देऊन ती अलगद ओततात. तापमान १६ ते १८ अंश हवे. मुंबई-पुण्याच्या घरातल्या उष्म्यात ओतली, तर गुलाबाआधी अल्कोहोलच नाकात शिरते, म्हणून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. प्येमोंतेत ती बारोलोतच मंद आचेवर शिजवलेल्या गोमांसाबरोबर, म्हणजे 'ब्राझातो'बरोबर पितात. मांसातली चरबी आणि प्रथिने तुरटपणा पोटात घेतात. झणझणीत रश्शाबरोबर मात्र ती घेऊ नये: तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही बोचू लागतात.