तार काढली, मग आता क्लिप कशाला?

"तार काढली मां? मगे आता ह्यां कित्याक?" भाचीच्या हातातली गुलाबी डबी बघून आईने विचारलं. देवगडहून कणकवलीला एसटीने दोन वर्षं खेपा घालून झाल्या होत्या, दात एका रांगेत आले होते. काम झालं असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. डबीत होता रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा, काढता-घालता येणारा साचा. घरात तारेलाही 'क्लिप' म्हणायचे आणि रिटेनरलाही 'क्लिप'च. नाव एक पडलं, म्हणून वस्तूही एकच वाटली.

मे महिन्यात लग्नात जेवायला बसताना तिने रिटेनर काढला, कागदी रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवला, आणि पानं उचलताना तो पानांबरोबर गेला. पावसानंतर नवीन करू, असं आम्ही मोठ्यांनीच ठरवलं. गणपतीत ती आरतीला समोर उभी होती, तेव्हा दिसलं: खालचा पुढचा दात पुन्हा शेजारच्यावर चढायला लागला होता. चूक पोरीची नव्हती. तारेचं काम काय आणि रिटेनरचं काय, हे आम्हीच कधी नीट विचारलं नव्हतं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, त्यावर तो पेललेला असतो. तार बसवताना प्रत्येक दातावर एक छोटा ब्रॅकेट चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. वाकडीतिकडी ओवलेली ती तार आपल्या मूळ आकारात यायला बघते, आणि येताना दाताला हळूहळू रेटते. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवीन हाड भरतं. शरीराने हाड मोडून पुन्हा बांधायचं, म्हणून वेळ लागतो. दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो, आणि पुष्कळांना दीड-दोन वर्षं लागतात. "जरा जोरात आवळा, लवकर होईल" असं डॉक्टरांना सांगू नये. जास्त दाबाने मुळाला इजा होऊ शकते.

रिटेनर दाताला कुठेही नेत नाही. दात नव्या जागी पोचला तरी भोवतीचं हाड अजून कोवळं असतं, आणि हिरडीतले ताणलेले तंतू त्याला जुन्या जागेकडे ओढत असतात. ते तंतू नव्या जागेला सरावायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. गोल फिरवून सरळ केलेला दात तर हमखास मागे वळायला बघतो. आंब्याचं नवं कलम वाऱ्याने हलू नये म्हणून आपण काठी बांधतो ना, तसा हा आधार. म्हणून पहिले काही महिने खाणं आणि दात घासणं सोडून दिवसरात्र घालायचा, पुढे डॉक्टर सांगतील तसा रात्रीचा, आणि तोही वर्षानुवर्षं.

जेवणात फरक पडतो तो असा. तार असताना फणसपोळी, अख्खा कडक काजू, कोयीला धरून दातांनी ओरबाडायची कैरी हे सगळं बंद, नाहीतर ब्रॅकेट सुटतो. गरे बारीक कापून खा. सुक्या बांगड्याची एखादी शीर तारेखाली अडकली तर साध्या ब्रशने निघत नाही, त्याला फटीत जाणारा छोटा ब्रश लागतो. रिटेनर काढून मात्र काहीही खाता येतं, आणि नेमका तेव्हाच तो हरवतो. काढला की थेट डबीत. धुवायचा गार पाण्याने. चुलीवरच्या गरम पाण्यात पारदर्शक रिटेनर वाकडा होतो आणि मग बसतच नाही.

पारदर्शक अलाइनर आणि पारदर्शक रिटेनर दिसायला सारखेच. अलाइनर दात सरकवतो, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालावा लागतो; रिटेनर आहे त्या दातांच्या मापाचाच असतो. चार रात्री घालायचा राहिला आणि मग रिटेनर घट्ट लागला, तर समजा दात हलायला लागले. बसत असेल तर त्याच रात्रीपासून नेमाने घाला. बसतच नसेल तर दाबून घालू नका, दाखवायला जा.

भाचीचा दात पुन्हा रांगेत आणावा लागला. आता खालच्या पुढच्या सहा दातांना मागून, जिभेच्या बाजूने, एक बारीक तार कायमची चिकटवली आहे. ती हरवायची भीती नाही, पण तिच्याभोवती किटण जमतं, म्हणून साफसफाई जास्त.

आपल्याकडे बऱ्याच गावांत दात सरळ करणारे डॉक्टर महिन्यातून एखाद-दोन ठरलेल्या दिवशीच येतात. तार काढायच्या दिवशी माप दिलं आणि रिटेनर पुढच्या खेपेला मिळाला, तर मधले दिवस दात मोकळे राहतात. म्हणून तार काढायची तारीख ठरवतानाच विचारा: रिटेनर त्याच दिवशी, नाहीतर एक-दोन दिवसांत हातात पडेल ना? आणि रिटेनरचे पैसे सांगितलेल्या खर्चात धरलेत का, हेही तार बसवायच्या आधीच विचारून घ्या.